बाप्तिस्म्यानंतर जुना राग परत आला तर

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत येण्याचा पाण्याचा विधी, होऊन तीन महिने झाले आणि जुना राग परत उसळला, म्हणून तू घाबरलास. घाबरू नकोस, बाळा. मी चाळीस वर्षं मंडळीत आहे, तरी पापाची कबुली मला अजून चुकलेली नाही.

रात्री झोपण्याआधी बायबलमधलं स्तोत्र 51 सावकाश वाच. दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी केलेलं पाप नाथान संदेष्ट्याने तोंडावर दाखवल्यावर दावीद राजाने केलेली ही प्रार्थना. त्यात एकही सबब नाही. शुद्ध हृदय तू 'उत्पन्न कर', असं तो देवाला म्हणतो; ते आपण घासूनपुसून होणारं काम नव्हे.

मग देवाला पाप नाव घेऊन सांग. 'चुका झाल्या' असं मोघम नको. 'आज मी आईवर ओरडलो' असं सांग. 1 योहान 1:9 (बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र) मधलं क्षमेचं वचन कबुली देणाऱ्यासाठीच आहे. आणि उठून आईची माफी माग. हे मुळीच टाळू नकोस. मी जावेशी दोन वर्षं अबोला धरून प्रभुभोजन (उपासनेत येशूच्या आठवणीसाठी घेतात ती भाकर आणि द्राक्षारस) घेत राहिले, आणि माझी प्रार्थना पार कोरडी पडली. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात सांगतो ते उगाच नाही.

उपास धरणार असशील तर औषधांबद्दल डॉक्टरांना विचारून घे. रविवारी उपासनेनंतर थांब, मिळून प्रार्थना करू.