नेक्सॉन ईव्हीला 18 इंची मॅग व्हील आणि उंची कमी-जास्त होणारं सस्पेन्शन बसवू का? राहायला रत्नागिरी जिल्ह्यात.

व्हील हवं तर बदला, सस्पेन्शनला हात लावू नका. आणि व्हीलसुद्धा 18 नको.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: गाव जयगडच्या बाजूला, अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूरला जाणं, आणि गाडी 'थोडी खाली, थोडी घट्ट' बसावी ही इच्छा. वर रेंज किती जाईल ही काळजी. माझं चिपळूणला अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचंच काम आहे, त्यामुळे उत्तर गॅरेजच्या भाषेत येईल. रेंज हा मला यातला सगळ्यात लहान मुद्दा वाटतो, म्हणून तो शेवटाकडे घेतो.

आधी उंची. गाडी खाली घ्यायची हौस पेट्रोल गाड्यांवरून आलेली. तिथे वजन वर असतं, गाडी वळणावर कलते, खाली घेतली की फरक लगेच जाणवतो. तुमच्या गाडीत सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, कंपनीनेच तळाशी बसवलेली आहे. जो फायदा विकत घ्यायला निघालात तो बराचसा गाडीसोबत आलेलाच आहे. उलट, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असल्यामुळे गाडी खाली घेतली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू त्यामुळे वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढलं की गाडीला कलवणारी तरफ लांब होते. मग ते झाकायला स्प्रिंग कडक घ्यावी लागते, आणि शॉकअपला खाली-वर व्हायला जागा तर आधीच कमी झालेली असते. मुंबई–गोवा हायवेच्या खड्ड्यांत ती गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची जागा संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटत जाते. याला लोक 'घट्ट' म्हणतात. कंबर काही वेगळं म्हणते.

आता तुमचा रोजचा रस्ता बघा. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जात असालच. भरतीला बोटीवर चढणं सरळ जातं; ओहोटीला बोट खाली बसते, रॅम्पला तीव्र उतार येतो आणि जेट्टी व रॅम्प यांच्या जोडावर कोन तयार होतो. त्या कोनावर आधी पुढचा बंपर घासतो, बंपर सुटला तर मधला तळ टेकतो. मधल्या तळाला तुमच्या गाडीत बॅटरीचं कवच आहे. नेक्सॉन ईव्हीचा ग्राउंड क्लिअरन्स मॉडेलप्रमाणे साधारण 190 ते 205 मिलिमीटर आहे. त्यातले 30–40 मिलिमीटर काढून टाकले, वर गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेतलं, की उरलं किती ते तुम्हीच मोजा. वाडीतल्या मोऱ्या, कुणी हौसेने घातलेले डोंगराएवढे गतिरोधक आणि पावसाने उघडे पडलेले जांभ्याचे दगड मी अजून धरलेच नाहीत. पेट्रोल गाडीचा सायलेन्सर ठोकला गेला तर वेल्डिंगवाला आहे. बॅटरीच्या कवचाला पोचा आला तर तो आपल्या कुणाच्या गॅरेजमध्ये निघणारा विषय नाही, आणि वॉरंटीवाले पहिला प्रश्न गाडी खाली का आहे हाच विचारतील.

दुसरी गोष्ट किट विकणारा सांगत नाही. 'नेक्सॉनसाठी' म्हणून मिळणारे बरेच सेट पेट्रोल-डिझेल गाडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. इलेक्ट्रिक नेक्सॉन साधारण 1400 किलोच्या घरात, पेट्रोल भावंडापेक्षा दीडेकशे किलोने जड, आणि ते वजनही वेगळ्या ठिकाणी. त्यामुळे स्प्रिंगचा रेट किती, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो, हा आकडा पुढचा-मागचा वेगळा आणि लेखी मागा. दुकानदाराने 'सगळ्यांना हाच बसतो' म्हटलं तर चहा पिऊन निघा. मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळ घेणारा आडवा दांडा. स्वस्त सेटमध्ये उंची बदलायला स्प्रिंगच दाबावी किंवा सैल करावी लागते. चांगल्या सेटमध्ये पुढच्या स्ट्रटची खालची नळी आटे फिरवून लांब-आखूड होते, स्प्रिंगला धक्का लागत नाही. हा फरक दुकानात उभं राहून डोळ्यांनी दिसतो, बॉक्सवर काय छापलंय ते वाचावं लागत नाही.

आणि खारी हवा! हे आटे म्हणजे उघडा लोखंडी स्क्रू, त्यावर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची रिंग. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बारा महिने मिठाची हवा, आणि आट्यांत बसणारी तांबडी माती. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले की गंज दुप्पट जोमाने धरतो. एक पावसाळा हात लावला नाही तर 'ॲडजस्टेबल' हा शब्द पावतीवरच राहतो. रिंग हलवायला हातोडी आणि गॅस घेऊन बसावं लागतं. पुण्याच्या माणसाला चार वर्षं टिकलं म्हणून आपल्याकडे टिकेल असं धरू नका. घ्यायचंच असेल तर स्टेनलेस स्टीलची बॉडी, आट्यांवर रबरी बूट, आणि पावसाच्या आधी-नंतर ब्रशने साफ करून वंगण. हे करणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. त्यापेक्षा, गाडी वापरलेली असेल तर मूळ उंचीचे नवे चांगले शॉकअप, टॉप माउंट आणि लिंक रॉड टाका. आंबा घाटात तुम्हाला जी 'घट्ट' गाडी हवी आहे ती बहुतेक वेळा एवढ्यानेच मिळते.

व्हीलकडे येऊ. मूळ टायर 215/60 आर16 (रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 16 इंच), म्हणजे रबराची बाजू 129 मिलिमीटर उंच, पूर्ण व्यास साधारण 664. 225/45 आर18 घेतलात तर व्यास 660 च्या आसपास राहतो, स्पीडोमीटर खूश. पण बाजू 101 वर येते. खड्डा आणि रिम यांच्यामधलं 28 मिलिमीटर रबर तुम्ही पैसे देऊन काढून टाकलं. त्याची किंमत वाकलेली रिम आणि टायरच्या बाजूला आलेला फुगा या रूपात परत द्यावी लागते. हौस फिटत नसेल तर 215/55 आर17 ही माझी शेवटची मर्यादा: व्यास 668, बाजू 118. मी स्वतः 16 च ठेवीन आणि हलकं व्हील घेईन. जुनं आणि नवं दोन्ही काट्यावर ठेवून बघा, दिसायला नाजूक व्हील कधीकधी जड निघतं.

पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला म्हणजे व्हील बसलं असं नसतं. ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं तो आकडा) मूळच्या जवळचा हवा, नाहीतर चाक फेंडरबाहेर येतं, बेअरिंगवर भार वाढतो आणि पावसात चिखल थेट दारावर. मधलं भोक हबला चपखल बसायला हवं. मोठं असेल तर ती फट भरणारी हबसेंट्रिक रिंग घाला, नट जीव तोडून आवळून ते भरून निघत नाही. नट पान्याच्या दांडीवर उभं राहून नव्हे तर टॉर्क पान्यानेच घट्ट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो याचा क्रमांक, मूळच्यापेक्षा खाली नको. या साइजमध्ये तो साधारण 95 असतो, म्हणजे एका टायरला 690 किलो. 91 म्हणजे 615. जड गाडीत हे अंतर मला सोडवत नाही.

फिनिशबद्दल एकच हट्ट धरा: डायमंड कट नको. यंत्राने कापलेल्या त्या चकचकीत कडेवर वार्निशचा पातळ थर असतो. एखादा खडा लागला की खारं पाणी आत शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. पूर्ण पावडर कोटिंग केलेलं घ्या. आणि गाडी वाळूत नेऊन रील काढायची असेल तर हे सगळं वाचूच नका.

आता रेंज. टायर कुठला यावर ती सगळ्यात जास्त हलते. रुंद, चिकट टायर सतत वीज खातो आणि ती परत येत नाही. जड व्हील फिरवायला लागलेली थोडी वीज ब्रेक मारताना रीजनमधून (वेग कमी होताना मोटर बॅटरी चार्ज करते त्यातून) परत मिळते, म्हणून नुसतं वजन लोक समजतात तितकं नडत नाही. सोळाचं हलकं व्हील आणि कमी रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे सहज घरंगळणारा, टायर, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, एवढं केलंत तर रेंजमध्ये फरक शोधावा लागेल.

कायदाही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. कलम 182अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कमी उंचीची गाडी आणि फेंडरबाहेरची चाकं चौकात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. विमा कंपनीला व्हील बदलल्याचं लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्वेअर आल्यावर समजणं महागात जातं.

काम कुणीही करो, एका गोष्टीवर तुम्ही स्वतः उभं राहून नजर ठेवा: जॅक. इलेक्ट्रिक गाडीखाली पेट्रोल गाडीच्या सवयीने मध्ये कुठेही जॅक लावला की तो बॅटरीच्या कवचावर जातो. गाडीच्या पुस्तकात उचलायच्या चार जागा चित्रासकट दिल्या आहेत, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यालाही आधी तो दाखवा. स्ट्रट काढलाच तर एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज लोंबकळत सोडलेला नको. नंतर अलाइनमेंट, स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि हेडलाइटची पातळी हे तिन्ही त्याच बिलात करून घ्या. ट्विस्ट बीममुळे मागची चाकं सहज ॲडजस्ट होत नाहीत. गाडी खाली घेतल्यावर मागचे टायर एका बाजूने खाल्ले जाऊ लागले तर त्यावर सोपा इलाज मिळत नाही.

एवढं वाचूनही सस्पेन्शन बदलणार असाल तर दसऱ्यानंतर बदला, म्हणजे पहिला पावसाळा यायच्या आत नवं सामान बसून दोनदा तपासून होईल. मूळ शॉकअप-स्प्रिंग दुकानात 'वजावट' म्हणून देऊन येऊ नका. तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा; गाडी विकताना किंवा वॉरंटीला नेताना तोच सेट परत बसवावा लागेल.