सोने मोकळे, लोखंड बांधलेले

प्रश्न : नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात, मग लोखंडाचे का सापडत नाहीत? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : प्रश्न मोलाचा आहे. सोने ऑक्सिजनशी सहजासहजी संयोग पावत नाही, म्हणून ते मूळ धातुरूपात टिकते. लोखंडाचे तसे नाही. आपल्या अंधेरीतील गिल्बर्ट हिलचा काळा बेसाल्ट जवळून पाहावा. त्यात लोह असते, पण ते सिलिकेट व ऑक्साइड खनिजांत बांधलेले असते, आणि असाच दगड हजारो पावसाळ्यांत झिजला की त्यातील लोहाचे तांबूस ऑक्साइड होऊन माथेरानला आपल्या पायांना चिकटणारी लाल माती तयार होते. धातुरूप लोह मुख्यतः उल्कापाषाणांतच आढळते. भांडुपच्या मिठागरांतील मिठात सोडियम असते, परंतु मोकळे सोडियम निसर्गात मिळत नाही, कारण पाण्याशी त्याची तत्काळ अभिक्रिया होते.