डोंगर-समुद्राचे फोटो छान येतात, माणसांचे मात्र अवघडलेले का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इतकी वर्षं तुम्ही निसर्गाचे फोटो काढताय. आता मैत्रिणीने तिच्या लग्नाचे, त्याआधी दोघांचे बाहेर कुठेतरी जाऊन आणि नंतर दोन्ही घरच्यांचे फोटो काढायला सांगितलंय. सराव म्हणून तुम्ही एका ओळखीच्या जोडप्याला तळ्याकाठी नेलंत. तळं सुरेख आलं, पण माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी आली. चूक कुठे होतेय, आणि जाताजाता, कोणती लेन्स भाड्याने घेऊ?

मी अकरा वर्षं हेच काम करतेय, आणि तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की चूक शटर दाबण्याच्या बरीच आधी झाली. तुम्ही आधी तळं निवडलंत, ते कुठून चांगलं दिसतं ते ठरवलंत आणि चौकटीत उरलेल्या जागेत दोघांना उभं केलंत. निसर्गाचा फोटो असाच काढतात, त्यामुळे पाय आपोआप तिकडेच वळतात. माणसांच्या फोटोत मी हा क्रम उलटा लावते. आधी चेहऱ्यावर पडणारा उजेड, मग त्या दोघांत काय चाललंय ते, आणि मागे काय दिसतंय हे सगळ्यात शेवटी. उजेड चांगला असेल तर साध्या भिंतीपाशीसुद्धा फोटो होतो. उजेड वाईट असेल तर जगातलं सगळ्यात देखणं तळंही उपयोगाचं नाही.

नव्या जागी पोचले की मी कॅमेरा पिशवीतच ठेवते. हात लांब करून मूठ वळते, ती डोळ्यांच्या उंचीवर धरते आणि जागच्या जागी हळूहळू एक गिरकी घेते. बोटांच्या सांध्यांवर पडणाऱ्या सावल्या बघत राहते. एका दिशेला त्या काळ्या आणि धारदार असतात, थोडं वळलं की मऊ होतात. आणखी वळलं की मूठ सपाट, निर्जीव दिसायला लागते. त्या मुठीच्या जागी चेहरा आहे असं समजा. सावली मऊ आहे पण अजून आकार दाखवतेय, तिथे माणूस उभा करायचा. नंतर त्याच्या मागे काय येतं ते बघत मी फिरते, तो फिरत नाही.

यामागचं कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. सूर्य प्रचंड मोठा असला तरी आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. एवढ्या लहान ठिपक्यातून येणाऱ्या उजेडाने नाकाची सावली ओठांवर रेघ ओढल्यासारखी पडते, आणि भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तोच सूर्य ढगाआड गेला की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. ढग मागवता येत नाहीत, पण भिंत, कमान, मोठं दार, दाट झाड शोधता येतं. सावलीच्या आत, पण कडेच्या जवळ उभं करा आणि चेहरा उघड्या आकाशाकडे वळवा. डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका दिसला की जागा बरोबर आहे. विरळ पानांच्या झाडाखाली मात्र जाऊ नका. तिथे गालावर उन्हाचे कवडसे पडतात आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाहीत.

पायाखालीही बघा. उन्हातल्या हिरवळीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली हिरवट झाक आणतो. फिकट फरशी किंवा वाळू असेल तर तीच रिफ्लेक्टरचं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवणाऱ्या फळीचं काम करते, फुकटात.

उन्हं कलल्यावर दोघांची पाठ सूर्याकडे करा. केसांना सोनेरी कड येते आणि डोळे मिचकवावे लागत नाहीत. कॅमेरा मागचा लखलखाट बघून चेहरा काळा करतो, म्हणून उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरूनच घ्या. मी साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवते आणि मागचं आकाश पांढरं होऊ देते. तुम्हाला हे जड जाईल, कारण निसर्गाच्या फोटोत आकाश जपायचीच सवय लागलेली असते. इथे चेहरा जपायचा. आणखी एक, सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सकाळी अकराला आवडलेला कोपरा संध्याकाळी पाचला ओळखूही येणार नाही. जागा बघायला जाल तेव्हा फोटोच्या ठरलेल्या वेळेलाच जा, आणि शक्य असेल तर कुणालातरी सोबत नेऊन उभं करून बघा.

आता अवघडलेपणाबद्दल. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण काय करायचंय हे माहीत नसतं. त्यात फोटो काढणारा गप्प असेल तर त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय. तुम्ही डोंगराशी बोलत नाही, त्यामुळे शांतपणे सेटिंग्ज बदलत राहण्याची सवय असते. ती सोडा. सतत बोला. "उजेड फार छान पडलाय, मी जरा डावीकडे सरकते, तुम्ही आहात तसेच राहा," एवढं म्हटलं तरी समोरच्याचे खांदे खाली येतात. स्क्रीनकडे बघून कपाळाला आठी घालू नका. तुम्ही एक्स्पोजरवर, म्हणजे फोटोत आलेल्या कमी-जास्त उजेडावर नाराज असता, ते समजतात आपण वाईट दिसतोय. पहिली पंधरा मिनिटं फक्त ओळख होण्यासाठी ठेवा. त्यातले फोटो मी बहुतेक वेळा देतही नाही, पण ती मिनिटं नसतील तर पुढचे फोटो येत नाहीत.

"हसा" हा शब्द तर मी वापरतच नाही. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलं की ओठांचे कोपरे ठरवून वर नेता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनातून आनंद झाल्याशिवाय सहसा साथ देत नाही. सांगून आणलेलं हसू त्यामुळे तोंडापुरतंच राहतं. त्याऐवजी काम द्या. पंधरा-वीस पावलं मागे जा आणि गप्पा मारत माझ्याकडे चालत या. ती आज सकाळी काय विसरली ते तिच्या कानात सांग. तिच्या बॅगेतून चष्मा काढून दे. आणि हसण्याचा भर ओसरून चेहरा निवळतो, तो क्षण टिपा. मोठ्याने हसतानाच्या फोटोत डोळे मिटलेले आणि जबडा उघडा असतो, एका श्वासानंतर मात्र दोघं एकमेकांकडे बघत असतात.

एका जोडप्यातला मुलगा लेन्स वर केली की मान ताठ करायचा. अर्धा तास मी सगळे उपाय केले. त्या दिवशी वारा फार होता आणि तिची शाल सारखी उडत होती. शेवटी मी त्याला म्हटलं, "फोटो राहू दे, तू आधी ती शाल धर." पुढची दहा मिनिटं तो शाल आवरत होता, ती त्याला सूचना देत होती, आणि दोघंही मला विसरले होते. त्यांनी घरात लावायला निवडलेला फोटो त्याच दहा मिनिटांतला आहे. तेव्हापासून मी हात रिकामे ठेवत नाही. कोट, छत्री, पुस्तक, तिचा हात, काहीही चालेल. रिकामा हात कुठे जावं हे न कळून लोंबत राहतो आणि अवघडलेपण सगळ्यात आधी तिथेच दिसतं. आणि खांदा वळवायचा, केस सारखे करायचे, तर स्वतः करून दाखवा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका.

लग्नाच्या दिवशी हे सगळं पणाला लागतं, कारण तिथे "परत एकदा" म्हणता येत नाही. विधी चालवणाऱ्या व्यक्तीला आधी भेटा आणि कुठे उभं राहिलेलं चालेल, फ्लॅश चालेल का, ते विचारा. या एका गप्पेने दिवसभराची अर्धी धावपळ वाचते. क्रमही विचारून घ्या. पुढचा क्षण कुठे घडणार हे माहीत असेल तरच तुम्ही तिथे आधी पोचता.

बंद जागेत दोन गोष्टी हमखास त्रास देतात. एक, एलईडी दिवे. वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असेल तर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. मेकॅनिकल शटर (खरोखरचा पडदा उघडतो-मिटतो ते) वापरा आणि वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. ६० आवर्तनांची वीज असेल तिथे १/१२० किंवा १/६०. आवाज होत नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होतो, आणि पट्टे नेमके त्यातच जास्त येतात. दुसरी गोष्ट सरळ तोंडावर मारलेला फ्लॅश. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून पुढचा माणूस पांढराफटक आणि मागचे अंधारात जातात. छत पांढरं आणि बेताच्या उंचीवर असेल तर फ्लॅश वर वळवून तिथून उसळू द्या. छत रंगीत असेल तर तोच रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवलेला बरा. थोडे दाणे दिसले म्हणून कुणी फोटो नाकारल्याचं मला आठवत नाही. हललेला फोटो मात्र कुणालाच नको असतो.

तिसऱ्या वर्षी माझं एक मेमरी कार्ड लग्नातच गेलं. जवळजवळ चाळीस मिनिटांचे फोटो, त्यात वधूची आजी तिला जवळ घेते तो प्रसंग होता. कार्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे नेलं, काही निघालं नाही. मी त्या घरी जाऊन समोर बसून सांगितलं, आणि ती शांतता मला अजून जशीच्या तशी आठवते. तेव्हापासून दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा नसेल तर मी लग्न घेत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात एकच खाच असेल तर लेन्सच्या आधी दुसरा कॅमेरा भाड्याने घ्या. घरी आल्यावर, कितीही रात्र झाली तरी, दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवा, आणि फोटो देऊन होईपर्यंत कार्डं पुसू नका. दोन कॅमेरे वापरणार असाल तर सकाळी दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर हजारेक फोटो क्रमाने लावताना अख्खा दिवस जातो.

घरच्यांच्या गटाचे फोटो अनेकांना कंटाळवाणे वाटतात. मला ते सगळ्यात जबाबदारीचे वाटतात, कारण वीस वर्षांनी कपाटातून तेच बाहेर निघतात. आधी मैत्रिणीकडून गटांची यादी घ्या आणि दोन्ही घरांतली एकेक सगळ्यांना नावाने ओळखणारी, मोठ्या आवाजाची व्यक्ती हाका मारायला घ्या. सगळ्यात मोठा गट आधी, म्हणजे वयस्कर माणसं आणि मुलं लवकर मोकळी होतात. सरळ रांगेऐवजी किंचित चंद्रकोरीसारखं उभं करा, म्हणजे कडेचे लोक कॅमेऱ्यापासून फार लांब जात नाहीत. खूप वाइड लेन्स लावली तर त्याच कडेच्या लोकांचे चेहरे आणि दंड ताणले जातात, म्हणून शक्य तेवढं मागे जा. दोन-तीन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८ ठेवा; हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान आणि मागेपुढे जास्त भाग स्पष्ट.

मिटलेल्या डोळ्यांचं काय? निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणितच मांडलं आणि त्यांना २००६ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, वाईट असेल तर दोनने. तेवढे फोटो काढले की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी जवळपास नक्की मिळतो. बारा माणसं, चांगला उजेड, चार फोटो. मी हे कामात वापरते आणि वर एक-दोन जास्तीचे घेते.

लहान मुलांना "इकडे बघ" म्हटलं म्हणून ती बघत नाहीत. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली बसा आणि त्याला एखादा अधिकार द्या. "बाबा सरळ उभे आहेत का ते तूच सांग" म्हटलं की चार वर्षांचं मूल फार गंभीरपणे तपासायला लागतं आणि घरच्या सगळ्यांचे चेहरे खुलतात. पळणाऱ्या मुलासाठी शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा, चालणाऱ्या जोडप्याला १/२५० पुरतं. आणि गट झाल्यावर "झालं" म्हणा, पण कॅमेरा डोळ्यावरून काढू नका. त्या शब्दानंतर लोक एकमेकांकडे वळतात, कुणी कुणाची कॉलर नीट करतं, आजोबा आधारासाठी नातीचा हात धरतात. आठ-दहा सेकंदच मिळतात.

लेन्सचं विचारलंत तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) एक ३५ मिमी आणि एक ८५ मिमी पुरे. ३५ ने माणूस आणि जागा दोन्ही येतात, ८५ ने तुम्ही दूर राहता आणि ते दोघं तुम्हाला विसरतात. फक्त ८५ ला एफ १.८ वर दोन मीटरवरून काढलंत तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच धारदार येते, म्हणजे तिचे डोळे स्पष्ट आणि त्याचे धूसर. दोघांची डोकी एकमेकांना टेकवून एका पातळीत आणा, नाहीतर एफ ४ वर जा. लेन्स आदल्या दिवशी न आणता चार दिवस आधी आणा आणि घरातल्या माणसांवर, खिडकीपाशी, रोज संध्याकाळी अर्धा तास चालवून बघा.