कोरोनासारखी साथ आली की एचआयव्ही असलेल्या आईच्या नवजात बाळाच्या उपचारांवर काय परिणाम होतो?

बाळंतपण सहसा कुणी अडवत नाही. जन्मल्यावर, आईकडून लागण होऊ नये म्हणून, नेव्हिरापिनचं औषधही मिळतं. अडीच किलोवरच्या बाळाला रोज दीड मिली. आबाळ होते ती घरी गेल्यावर.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, लॅब टेक्निशियन. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मला स्वॅब घ्यायच्या ड्यूटीवर टाकलं आणि आमची खोली बंद. एका बाळाची सहा आठवड्यांची एचआयव्ही तपासणी आली होती. साहेब म्हणाले, "लॉकडाउन उठल्यावर बघू, एका टेस्टवाचून काय अडतंय?" खूप काही अडतं. लागण झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर निम्मी मुलं दोन वर्षांची होण्याआधी जातात, त्यातली कितीतरी पहिल्या काही महिन्यांतच. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात, त्यामुळे अँटिबॉडीच शोधणारी साधी टेस्ट दीड वर्षापर्यंत खात्रीची नसते. तोवर थेट विषाणू शोधणारी पीसीआरच लागते.

एसटी बंद होती. त्या बाळाची आई त्याला घेऊन दुधाच्या गाडीतून आली. नाक्यावर पोलिसांना खरं कारण कसं सांगणार? मॅडमनी (आमच्या समुपदेशक) फोनवर पढवलं होतं, "बाळाच्या डोसाला चाललेय म्हणायचं." दारातल्या माणसाने तिला तापाच्या रांगेत उभं केलं, तिथून मी तिला काढून आणलं. टाच कोमट फडक्याने शेकली, टोचली, रक्ताचे थेंब घ्यायच्या कार्डावरची पाचही वर्तुळं नीट भरली. कार्ड सावलीत चार तास वाळवून पाकिटात घातलं. मग कुरिअर मिळेना, म्हणून रिपोर्टला फार उशीर.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. साहेब आजही भेटले की म्हणतात, "बघ, उगाच धावपळ केलीस." साहेब, ते बाळ सुटलं कारण आईने गरोदरपणात एक गोळी चुकवली नव्हती आणि औषध पहिल्या दिवसापासून पोटात गेलं होतं. निगेटिव्ह येणार हे तुम्हाला आधी कुठे ठाऊक होतं?

सगळीकडे असंच झालं असं नाही. नॅकोने (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) एचआयव्हीच्या तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची मुभा दिली होती, कितीतरी कार्यकर्त्यांनी त्या घरपोच केल्या. पण गोळी घरी पोचवता येते, टाचेचं रक्त घ्यायला माणूस लागतो. पुढच्या साथीत आयसीटीसीचा टेक्निशियन हलवू नका. आणि तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर सहा आठवड्यांच्या रिपोर्टवर थांबू नका. सहा महिने, वर्ष आणि दीड वर्षाची तपासणी राहतेच.