एकट्यासाठी स्वयंपाक: आधी ३ लिटरचा कुकर घे

अरे, पहिल्याच महिन्यात १० किलो तांदूळ नि ५ किलो कणीक भरू नकोस, मी पुण्यात आल्यावर तेच केलं आणि पावसाळ्यात सगळ्यात पोरकिडे झाले. एकट्याला किलो-दोन किलो बास. रवा आणलास की लगेच कोरडा भाजून डब्यात भर, टिकतो.

भाजी मंडईतून घे, तीही संध्याकाळी उशिरा, उठायच्या वेळेला वाटे स्वस्तात देतात, पण पालेभाजी एकच जुडी, दोन घेतल्यास तर दुसरी सडलीच म्हणून समज. कोथिंबीर न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव.

खरी बचत कडधान्यात आहे बघ. वाटीभर मटकी सकाळी भिजव, रात्री फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी दुपटीहून जास्त होते, पहिल्या दिवशी उसळ पोळी, उरली की पाणी नि कांदा-लसूण मसाला वाढवून पावाबरोबर मिसळ (फरसाण मात्र सुटं, पाव किलोच आण, मोठं पाकीट एका रात्रीत संपतं, अनुभव आहे).

कंटाळा आला की खिचडी, वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. पोळ्या जमेपर्यंत भाकरीच्या नादी लागू नकोस, आणि पोळ्याही नाहीच जमल्या तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आण, त्यात लाज कसली.