रुळांलगतचे घर आणि करारापूर्वीची मुदत

प्रश्न : अंबरनाथमध्ये बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत आम्ही पाचव्या मजल्यावरील सदनिका ६२ लाख रुपयांना घेण्याचे ठरवले आणि ३ लाख रुपये भरले. वाटपपत्र मिळून अठरा दिवस झाले असून करारनामा अजून नोंदवलेला नाही. जागा पाहायला आम्ही रविवारी दुपारी गेलो, तेव्हा रेल्वेचा मेगाब्लॉक होता आणि सगळीकडे शांतता होती. परवा रात्री पुन्हा गेलो, तर गाडी जाताना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. माहितीपत्रकात ‘निवांत, शांत परिसर’ असे छापले आहे आणि नकाशात रुळांच्या जागी हिरवा पट्टा दाखवला आहे. माझे यजमान आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळीला असतात, त्यांना दिवसा झोप लागते. व्यवहार रद्द करता येईल का? घर घेतलेच, तर रेल्वेला आवाज कमी करायला भाग पाडता येईल का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. करारनामा नोंदवण्यापूर्वी कायदा आपल्या बाजूने जितका उभा राहील, तितका तो घराचा ताबा घेतल्यानंतर राहणार नाही, म्हणून निर्णय आताच घ्यावा.

रेल्वेबद्दलच्या अपेक्षेतून अनेक कुटुंबांची फसगत झालेली मी पाहिली आहे, म्हणून ते आधी सांगतो. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात गोंगाटापासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. तरीही धावत्या गाडीचा आवाज ध्वनिक्षेपकासारखा बंद करवून घेता येत नाही, कारण रेल्वे कायद्याने दिलेल्या अधिकारात चालते आणि त्या अधिकाराचा योग्य काळजीने वापर करताना अपरिहार्यपणे होणारा त्रास हा ‘उपद्रव’ ठरत नाही, असा बचाव रेल्वेविरुद्धच्या १८६९ मधील ब्रँड खटल्यापासून इंग्लंडच्या न्यायशास्त्रात रुजलेला आहे आणि आपल्याकडेही तो घेतला जातो. दावा लावायचाच झाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय आपल्या यजमानांची झोप दिवसाची, त्यामुळे रात्रीची कडक मर्यादा त्यांच्या उपयोगाची नाही, आणि लोकल गाड्यांची सर्वाधिक वर्दळ नेमकी ते घरी येऊन पडतील त्या सकाळच्या वेळी असते.

शिट्टीचेही तसेच आहे. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ (म्हणजे सीटी/फाटक) असे लिहिलेला पिवळा फलक दिसला, तर पुढे फाटक आहे आणि तेथून चालकाने शिट्टी वाजवत जाणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे समजावे. सुरक्षिततेसाठीची ही शिट्टी कोणतेही न्यायालय सहजासहजी थांबवणार नाही. फाटकाऐवजी उड्डाणपूल झाला, तरच ती कमी होते. असा फलक आपल्या इमारतीजवळ आहे का, हे जाऊन पाहावे.

आता विकासकाविषयी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने जो दोष सांगायचा असतो, तो खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही कळू न शकणारा दोष असतो. रूळ डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ‘आम्हाला रेल्वेबद्दल सांगितले नाही’ एवढ्याच म्हणण्यावर प्रकरण टिकणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मधील अपवादही हेच सांगतो : विक्रेता गप्प राहिला, पण साध्या दक्षतेने आपल्याला सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करण्याचा हक्क राहत नाही. आपले प्रकरण मात्र गप्प राहण्याचे नाही. ‘शांत परिसर’ हे छापील विधान आहे आणि हिरवा पट्टा हे छापील चित्र आहे. रेरा अधिनियम, २०१६ (स्थावर संपदा नियमन व विकासाचा कायदा) च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून ज्याने पैसे भरले व ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल, तर भरलेली पूर्ण रक्कम व्याज आणि भरपाईसह मागता येते. ‘शांत’ हा शब्द विक्रीची नेहमीची स्तुती आहे, असा बचाव विकासक करील. म्हणून माझ्या मते आपला खरा आधार शब्दापेक्षा नकाशा आहे, कारण जेथे रूळ आहेत तेथे हिरवळ दाखवणे याला स्तुती म्हणता येत नाही. माहितीपत्रकाची मूळ प्रत, विक्री प्रतिनिधीचे संदेश आणि ध्वनिचित्रफिती आजच जपून ठेवाव्यात.

कलम १२ ची तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, करावी लागते आणि तिला वेळ लागतो. त्याआधी एक जवळचा मार्ग आहे. महारेराने ठरवून दिलेल्या वाटपपत्राच्या नमुन्यानुसार पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केल्यास कोणतीही कपात नाही, १६ ते ३० दिवसांत सदनिकेच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के कपात होते. आपले पत्र त्याच नमुन्यातील असेल, तर तिसाव्या दिवसापर्यंत जास्तीत जास्त ६२,००० रुपये जातील, एकतिसाव्या दिवशी हा आकडा ९३,००० होईल. पत्रातील अट शब्दशः वाचावी, विकासकाने तिच्यात बदल केला असल्यास तेही आक्षेपाचे कारण ठरू शकते. दरम्यान आणखी पैसे भरू नयेत, कारण रेरा अधिनियमाच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे आपल्या बाबतीत ६ लाख २० हजारांपेक्षा, जास्त रक्कम घेण्याचा विकासकाला अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण मला तीच अधिक गंभीर वाटते. कल्याण ते बदलापूर दरम्यानची तिसरी आणि चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात आहे. नव्या मार्गिका आपल्या इमारतीच्या बाजूने जाणार असतील, तर आज जे अंतर आहे ते उद्या राहणार नाही. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचे, तर रेल्वेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. इमारतीचे अंतर तेवढे असल्यास विकासकाकडे त्या प्रमाणपत्राची प्रत लेखी मागावी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरील मंजूर नकाशे व परवानग्याही तपासाव्यात. प्रमाणपत्रात आवाज व हादऱ्यांबद्दल रेल्वे जबाबदार राहणार नाही अशी अट असू शकते, आणि असल्यास ती आपल्यालाही पुढे अडचणीची ठरेल. माहितीचा अधिकार वापरून रेल्वेकडे ही विचारणा करता येईल, पण उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, तोवर वाटपपत्राचा तिसावा दिवस निघून जाईल.

हे सर्व पाहूनही घर घ्यायचेच ठरले, तर आवाजाचा बंदोबस्त करारनाम्यात लिहून घ्यावा, तोंडी आश्वासनावर सोडू नये. सरकत्या खिडकीच्या फटींतून आवाज शिरतो आणि काच कितीही जाड असली तरी त्या फटी राहतातच. म्हणून रुळांकडील खोल्यांना बिजागरीवर उघडणाऱ्या, कडेने रबरी पट्टी असलेल्या, दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचा व मध्ये हवेची पोकळी असलेल्या खिडक्या बसवून मिळतील, हे परिशिष्टातील सोयींच्या यादीत जाडीसह नमूद करावे. खिडक्या बंद ठेवायच्या तर हवेसाठी वेगळी सोय लागते, तीही त्यातच यावी. मालगाडीने जमिनीतून येणारा हादरा खिडकीने थांबत नाही, म्हणून रात्री जाऊन भिंतीला हात लावून पाहणे इष्ट. बाल्कनी काचेने बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. नगरपरिषदेच्या परवानगीशिवाय ते केल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते आणि उद्या गृहनिर्माण संस्थाही हरकत घेईल. रुळांच्या विरुद्ध बाजूची सदनिका त्याच इमारतीत शिल्लक असेल, तर बदलून मागण्याची हीच वेळ आहे. माझ्या दृष्टीने आपल्या यजमानांसाठी खिडक्यांपेक्षा तोच उपाय खरा.

रद्द करण्याचे ठरल्यास पत्र स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने असे दोन्ही मार्गांनी तिसाव्या दिवसापूर्वी पोहोचेल अशा बेताने पाठवावे. पत्रात रुळांच्या जागी हिरवा पट्टा दाखवणारे पान जोडावे, रात्रीच्या भेटीची तारीख व वेळ लिहावी, आणि ‘कलम १२ अन्वये पूर्ण रक्कम व्याजासह मिळण्याचा माझा हक्क राखून ठेवून, वाटपपत्रातील अटीनुसार वाटप रद्द करीत आहे’ हे वाक्य जसेच्या तसे घालावे. कपात करून आलेली रक्कम स्वीकारताना ‘संपूर्ण समाधानाने मिळाली’ अशा कोणत्याही पावतीवर सही करू नये.