हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात सगळेच बिटकॉइन घेतायत. दोन लाखांची एफडी मोडून मीही घ्यावं का?

एफडी मोडून तर अजिबात नको. सगळे खूश असतात तेव्हा भाव आधीच चढलेला असतो: नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरवर होता, वर्षभरात १६,००० च्याही खाली आला. शिवाय नफ्यावर सरसकट ३० टक्के कर (वर सेस), आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे कँटीनमध्ये कोणी सांगत नाही, रिटर्न भरताना कळतं! अर्थात, भाव पडणारच असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तो लाख डॉलरच्या वर गेला होता. घ्यायचंच असेल तर बुडाले तरी घराचा हप्ता चुकणार नाही एवढेच पैसे घाला, तेही थोडेथोडे.